किड्यांची करणी आणि माणसाची कारणे : चापेक बंधूंच्या 'कीटकांच्या जीवनातून' या नाटकाविषयी

रंगवाचक

प्राण्यांच्या मुखवट्याआडून माणसाला बोलते करणारी नाटके पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका नाटकावर नीट चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे. नाटक आहे कारेल आणि योसेफ चापेक या चेक बंधूंचे, 'कीटकांच्या जीवनातून'. ते १९२१ साली लिहून झाले, ३ फेब्रुवारी १९२२ रोजी ब्रनो येथे त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कारेल ह्यूगो हिलार यांनी ते दिग्दर्शित केले. पहिले महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि चेकोस्लोव्हाकिया हा देशच नुकता जन्माला आला होता. ज्यांच्या आधीच्या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला, त्या कारेल चापेक यांनी आपल्या चित्रकार भावाला बरोबर घेऊन या वेळी गवतात वाकून पाहिले.

नाटकभर वावरणारा माणूस एकच आहे, दारू प्यालेला एक फिरस्ता. तो रानात पडलेला असताना जाळी घेतलेला एक फुलपाखरांचा संग्राहक तेथे येतो आणि निसर्गावर आपले प्रेम आहे म्हणूनच आपण फुलपाखरे पकडून, मारून, टाचणीने टोचून ठेवतो, असे त्याला पटवून देतो. पुढच्या तीन अंकांत जे काही घडते त्याची किल्ली मला या प्रसंगात सापडते. जो मारतो तो मारण्याचे कारणही देतो, आणि ते कारण नेहमीच उदात्त असते.

फुलपाखरांचा पहिला अंक मी झटपट ओलांडतो. प्रेमकविता रचणारा फेलिक्स, त्याला झुलवणारी आयरिस आणि त्यांच्याभोवती उडणारी इतर मंडळी त्या काळच्या उच्चभ्रू दिवाणखान्यातून उचललेली आहेत, आणि आज तो भाग काहीसा पातळ वाटतो. एक क्षण मात्र अंगावर येतो. आपल्या मागे लागलेल्या प्रियकराला पक्ष्याने उडता उडता गिळले, हे आयरिस सांगते, आणि सांगताना तिला हसू आवरत नाही.

दुसऱ्या अंकात नाटक जमिनीवर उतरते. शेणकिड्यांचे एक जोडपे आपला शेणाचा गोळा ढकलत येते. हा गोळा म्हणजे त्यांची जन्मभराची पुंजी आहे. तिच्यासाठी दोघांनी पोटाला चिमटा घेतला, रात्रीचा दिवस केला, आणि आता ती हाती आल्याबरोबर ती पुरून ठेवायची कोठे आणि दुसरा गोळा कधी करायला घ्यायचा, या दोन चिंता त्यांना लागल्या आहेत. ती दोघे बिळाच्या शोधात गुंतलेली असताना तिसराच शेणकिडा गोळा घेऊन पसार होतो. नवऱ्याच्या नंतरच्या आक्रोशात बायकोची चौकशी शोधावी लागते, कारण तो सगळा आक्रोश गोळ्यासाठी आहे. मग रातकिड्यांचे एक तरुण जोडपे येते. बायको गर्भार आहे आणि त्यांना आयते घर मिळाले आहे, कारण त्या घराच्या आधीच्या मालकाला एका पक्ष्याने काट्यावर टोचून ठेवले आहे. ही केवढी सोय झाली म्हणून दोघे खुदखुदतात. थोड्याच वेळात ती दोघेही एका गांधीलमाशीची शिकार होतात. हा गांधीलमाशी-बाप रातकिडे मारून आपल्या लाडक्या अळीसाठी बिळात साठवतो आणि मुलांसाठी खस्ता खाण्यात केवढे सार्थक आहे, हे फिरस्त्याला डोळ्यांत माया आणून सांगतो. सर्वात शेवटी येतो परजीवी. एकाकडे इतके साठावे आणि दुसऱ्याने उपाशी राहावे हा अन्याय आहे, असे तो तळमळून बोलतो, आणि गांधीलमाशीची पाठ वळताच बिळात शिरून साठवलेल्या रातकिड्यांसह त्या अळीलाही फस्त करून ढेकर देत बाहेर येतो.

तिसरा अंक मुंग्यांचा आहे. एक आंधळी मुंगी सतत एक, दोन, तीन, चार असे मोजत असते आणि त्या तालावर सारे वारूळ राबते. कामाचा वेग वाढवण्यासाठी मोजण्यातला एक शब्दच आखूड करण्याची युक्ती एक अभियंता काढतो आणि वारुळाला ती फार मोठी प्रगती वाटते. पुढे गवताच्या दोन पात्यांमधल्या वाटेवरून पिवळ्या मुंग्यांशी महायुद्ध पेटते. मुख्य अभियंता सर्वाधिकारी होतो, विजयाची बातमी येताच गुडघे टेकून मुंग्यांच्या देवाचे आभार मानतो आणि त्या देवालाच सैन्यातली मानाची पदवी देऊन टाकतो. काही क्षणांत पारडे फिरते. पिवळ्यांचा सेनापती जिंकतो, तोही गुडघे टेकतो आणि आपण केवळ न्यायासाठी, इतिहासासाठी, राष्ट्राच्या मानासाठी आणि व्यापारी हितासाठी लढलो, असे देवाला सांगू लागतो. येथे इतका वेळ साक्षीदार असलेला फिरस्ता पुढे होतो आणि बुटाखाली त्याला चिरडतो.

हे नाटक माणसाला किडा ठरवते, असा त्याचा सर्रास अर्थ लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. खरा शेणकिडा शेण साठवतो, पण त्याला तो कष्टाची कमाई म्हणत नाही. खरी गांधीलमाशी शिकार करते, पण वात्सल्यावर प्रवचन देत नाही. चापेक बंधूंनी करणी किड्याची ठेवली आणि तिला कारण माणसाचे जोडले. शेणाचा गोळा जितका शेणाचा राहतो तितकी त्याच्यावरची ती गृहस्थी भाषा आपल्याला बोचत जाते, कारण ती भाषा आपल्या घरातली आहे आणि ती आपण मान ताठ ठेवून बोलतो. या नाटकाचे सारे शस्त्र सबबींवर रोखलेले आहे, असे माझे मत आहे. इतरांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

वारूळवाट

धागा वाचून फार आनंद झाला. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे या नाटकातल्या जिवांबद्दल काही लिहावेसे वाटते.

चापेक बंधूंपुढे झाँ-आन्री फाब्र या फ्रेंच निरीक्षकाचे लेखन होते. फाब्र यांनी दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यान गावी, आपल्या घराभोवतीच्या माळावर तासन्‌तास पालथे पडून कीटक पाहिले आणि १८७९ ते १९०७ या काळात आपल्या निरीक्षणांचे दहा खंड प्रसिद्ध केले. शेणकिड्याच्या गोळ्याची चोरी ही नाटककारांची कल्पना नाही, ती फाब्र यांनी बारकाईने वर्णन केलेली प्रत्यक्ष घटना आहे. एक किडा गोळा ढकलत असतो, दुसरा मदतीला आल्यासारखा त्याला येऊन मिळतो, आणि पहिला बीळ खणायला जमिनीत गेला की हा मदतनीस गोळा घेऊन चालू लागतो. पूर्वीच्या लोकांना हे सहकार्याचे सुंदर उदाहरण वाटत असे, आणि फाब्र यांनी ती दरोडेखोरी असल्याचे दाखवून दिले. रातकिड्याला काट्यावर टोचणारा पक्षीही खरा आहे. आपल्याकडच्या माळावर बोरी-बाभळीच्या काट्यांना टोळ आणि सरडे टोचून ठेवणारा खाटीक पक्षी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो संवाद ऐकताना वेगळाच शहारा येईल.

रंगवाचक यांच्या मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पिलांसाठी रातकिडे पकडून, त्यांना नांगी मारून लुळे करून बिळात ठेवणाऱ्या गांधीलमाश्या खऱ्या आहेत आणि फाब्र यांनी त्यांच्यावर सुंदर लिहिले आहे, परंतु हे सारे काम मादी करते. नराचा त्यात काडीचाही वाटा नसतो. शिवाय मादी बिळात अन्न ठेवते, त्यावर अंडे घालते, बीळ बंद करते आणि निघून जाते. बाहेर पडलेल्या आपल्या अळीचे तोंडही ती कधी पाहत नाही. नाटकातला बाप मात्र दारात उभा राहून लेकीशी लाडाने बोलतो. कीटकांच्या सवयींशी इतके प्रामाणिक राहिलेल्या लेखकांनी नेमका येथे निसर्ग बाजूला ठेवला, कारण कुटुंबासाठी सारे काही करणारा कर्ता पुरुष त्यांना रंगमंचावर हवा होता. ज्या ठिकाणी कीटकशास्त्र मोडले आहे, त्याच ठिकाणी लेखकांचा रोख स्पष्ट दिसतो.

पडदाफाश

नाटकाच्या कारागिरीबद्दल वाद नाही, पण त्याच्या न्यायबुद्धीबद्दल मला गंभीर शंका आहे. विषमतेविरुद्ध बोलणारे एकमेव पात्र तुम्ही अधाशी परजीवी म्हणून दाखवता, त्याच्या तोंडी भुकेलेल्यांची भाषा घालता आणि मग त्याला इतरांपेक्षाही किळसवाणे करता. १९२१ साली युरोपातल्या शहरांत भुकेने आणि बेकारीने गांजलेले लोक नेमकी हीच भाषा बोलत होते. शेणकिड्याच्या कंजूषपणावर प्रेक्षक हसतो आणि त्याला विसरून जातो. परजीवीला पाहून मात्र समतेची भाषा बोलणारा प्रत्येक माणूस असाच असणार, असा समज घेऊन तो घरी जातो. उपहास जेव्हा सगळ्यांवर सारखाच उधळला जातो, तेव्हा त्याचा मार दुबळ्याला अधिक लागतो. मुंग्यांच्या अंकातही राबणाऱ्या मुंग्यांना चेहरा नाही. त्या केवळ तालावर हलणारा समूह आहेत. त्यांच्या मनात कधी काही आले असेल, अशी शंकाही लेखकांना येत नाही.

रंगवाचक

पडदाफाश, आपला आक्षेप वजनदार आहे आणि त्याला वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

परजीवीच्या बाबतीत मला असे दिसते की त्याचे शब्द खोटे नाहीत. गांधीलमाशीच्या बिळात खरोखरच गरजेपेक्षा जास्त साठलेले आहे आणि तो ते बोलून दाखवतो. लेखकांनी त्याच्या युक्तिवादाची कोठेही खिल्ली उडवलेली नाही. तो भरल्या बिळात शिरतो तेव्हा बाहेरच्या कोणाही उपाशी जिवाला हाक मारत नाही, एवढीच गोष्ट त्यांनी दाखवली आहे. खऱ्या शब्दांचाही सबब म्हणून वापर होऊ शकतो, हे दाखवणारे दुसरे पात्र या नाटकात नाही, आणि म्हणून परजीवी वगळला तर अंक लंगडा होईल असे मला वाटते. शिवाय नाटकात आणखी एक दरिद्री आणि उपाशी जीव आहे, तो म्हणजे स्वतः फिरस्ता. त्याच्याकडे घर नाही, पैसा नाही, मान नाही. तरीही प्रत्येक अंकात प्रश्न विचारणारा आणि मेलेल्या रातकिड्यांसाठी गहिवरणारा तोच आहे. लेखकांना गरिबाचा तिटकारा असता तर आपली नजर त्यांनी त्याच्या हवाली केली नसती.

बिनचेहऱ्याच्या मुंग्यांबद्दलचा आपला मुद्दा मात्र मला मान्य आहे. तिसरा अंक समूहाकडे वरून पाहतो. तालावर राबणारी एक मुंगी क्षणभर जरी थबकली असती, तरी तो अंक अधिक खोल गेला असता.

माळावरचा पिंपळ

येथे ग्रीक रंगभूमीची आठवण काढायला हवी, कारण या साऱ्या परंपरेचे मूळ तेथे आहे. अ‍ॅरिस्टोफेनीस यांच्या इ. स. पू. ४२२ मधल्या 'गांधीलमाश्या' या नाटकात अथेन्सच्या न्यायालयांत रोजच्या तीन ओबोल (छोटी ग्रीक नाणी) भत्त्यासाठी ज्युरी म्हणून बसणारे म्हातारे नांगी लावलेल्या गांधीलमाश्यांच्या रूपात येतात आणि दुसऱ्याला शिक्षा ठोठावण्यात जीवनाची सारी गोडी शोधतात. इ. स. पू. ४१४ मधले 'पक्षी' हे नाटक मला या चर्चेच्या अधिक जवळचे वाटते. अथेन्समधल्या कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेले दोन नागरिक शांत जागेच्या शोधात हुदहुद पक्ष्याकडे जातात, पक्ष्यांना त्यांच्या प्राचीन राज्याची आठवण करून देतात आणि देव व माणसे यांच्या मधोमध आकाशात पक्ष्यांचे नगर उभारतात. यज्ञाचा धूर अडवल्यामुळे देव उपाशी पडतात आणि तडजोडीला येतात. शेवटी त्या दोघांपैकी एक जण तेथला राजा होतो. देवांचे शिष्टमंडळ भेटीला येते तेव्हा तो पक्षीच भाजत बसलेला असतो, आणि पक्ष्यांच्या लोकशाहीविरुद्ध उठलेले ते अपराधी होते, असे कारण देतो.

रंगवाचक ज्याला सबब म्हणतात, ती येथे चोवीसशे वर्षांपूर्वीच बोलली गेली आहे. फरक एवढाच की अ‍ॅरिस्टोफेनीस यांच्या नाटकात माणूस पक्ष्यांत जाऊन त्यांना आपल्यासारखे करतो, आणि चापेक यांच्या नाटकात माणसाला कोठेही जावे लागत नाही, कारण वारुळात त्याच्या आधीच सारे काही सिद्ध आहे.

आपले पंचतंत्र या दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत दमनक कोल्हा विष कालवतो, तेव्हा सिंह किंवा बैल म्हणून त्यांच्या खऱ्या सवयींना फारसे महत्त्व नसते. ती राजदरबारातली पात्रे आहेत आणि राजपुत्रांना व्यवहार शिकवणे हा त्यांचा हेतू आहे. चापेक बंधूंना कोणाला शहाणपण शिकवायचे नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नाटकात दमनकासारखा चतुर प्राणी नाही. त्यांचे सगळे कीटक स्वतःच्या बोलण्यावर मनापासून विश्वास ठेवतात.

नदीपल्याड

पिंपळ यांच्या शेवटच्या वाक्यावरून रुमानियात जन्मलेले फ्रेंच नाटककार इयोनेस्को यांच्या १९५९ च्या 'गेंडा' नाटकाकडे जावेसे वाटते. एका लहानशा फ्रेंच गावातली माणसे एकामागून एक गेंडे होत जातात आणि शेवटी बेरांजे नावाचा एकच साधा, विस्कळीत, दारूकडे ओढा असलेला माणूस माणूस म्हणून उरतो. इयोनेस्को यांनी १९३० नंतरच्या रुमानियात आपल्या परिचयातली सुशिक्षित माणसे एकेक करून फॅसिस्ट चळवळीत ओढली जाताना पाहिली होती आणि त्या अनुभवातून हे नाटक आले. त्यातली पात्रे गेंडा होण्याच्या आधीच गेंड्यांच्या बाजूने बोलू लागतात, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. एक जण म्हणतो की हे सारे नैसर्गिक आहे आणि आपण समजून घेतले पाहिजे. गेंड्यांच्या बातम्यांना थोतांड म्हणणारा दुसरा अखेर काळाबरोबर चालले पाहिजे असे म्हणून कळपात जातो. कातडी नंतर जाड होते, वाक्ये आधी जाड होतात. फिरस्ता आणि बेरांजे हे दोघेही समाजाच्या दृष्टीने वाया गेलेले आहेत, आणि दोन्ही लेखकांना शुद्धीवरचा माणूस तेथेच सापडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

सोनकी

पहिल्या अंकाबद्दल एक प्रश्न आहे. आयरिस ही केवळ पुरुषांना नादी लावणारी चंचल स्त्री म्हणून रंगवलेली आहे आणि आज तसे ते जसेच्या तसे करणे मला अवघड वाटते. दिग्दर्शकांनी या अंकाचे काय करावे?

विंगेतून

सोनकी, मी हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. या अंकात चंचलपणा एकट्या आयरिसकडे नाही. फेलिक्स तिच्यावर प्रेम करण्यापेक्षा तिच्यावर कविता करण्यात अधिक रमलेला आहे. त्याच्या कविता खरोखर गंभीरपणे, सुरेल आवाजात म्हटल्या गेल्या तर अंकाचा तोल आपोआप सुधारतो, कारण मग दोघेही एकाच पोकळीभोवती उडताना दिसतात. १९२३ साली लंडनच्या प्रयोगात ही फेलिक्सची भूमिका तरुण जॉन गिलगुड यांनी केली होती.

मला मुख्यतः अभिनयाबद्दल लिहायचे आहे. प्राण्यांचे नाटक म्हटले की आपले कलाकार लगेच चार पायांवर येतात, माना वाकड्या करतात, हातांच्या मिशा करतात. दुसऱ्या अंकाचे उतारे आम्ही तालमीत वाचले तेव्हा शेणकिड्याची भूमिका करणाऱ्या नटाला मी ताठ उभे राहायला सांगितले. त्याच्या अंगात साधा बाह्या दुमडलेला सदरा होता. हातात चादरींचे एक मोठे गाठोडे होते आणि ते त्याने एका तळव्याने सतत चाचपत राहायचे, एवढीच सूचना होती. तो बायकोशी बोलत असताना, झोपेतून उठून तिजोरी तपासणाऱ्या माणसासारखा त्याचा हात पुन्हा पुन्हा गाठोड्याकडे जाऊ लागला. संवादात शेण हा शब्द आला की समोरच्यांना दचकायला होत होते, कारण तोवर ते किड्याला विसरून गेलेले असत. किडा शब्दांत आहे, तो पुन्हा अंगावर चढवला की दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. याच कारणाने मी मुखवटेही टाळीन. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या लोकोत्सवात, मुखवटा चढवला की माणूस देव किंवा असुर होतो, तेथे त्याची शक्ती वेगळी आहे. या नाटकात प्रेक्षकाला नटाचा उघडा, ओळखीचा चेहरा सतत दिसला पाहिजे.

मुंग्यांच्या अंकासाठी मात्र समूह हवा आणि ताल हवा. येथे आपल्याकडच्या मंडळींना दशावताराकडून शिकता येईल. एक बाकडे, पखवाज आणि झांज एवढ्यावर कोकणातले कलाकार राजदरबार आणि युद्धभूमी दोन्ही उभी करतात. आंधळ्या मुंगीचे मोजणे पखवाजावर घेतले आणि वेग वाढवण्याच्या प्रसंगी एक मात्रा गाळली, तर यंत्रासारखे राबणे प्रेक्षकाच्या छातीत ऐकू येईल. रंगवाचक यांनी म्हटलेली थबकणारी मुंगीही याच जागी दाखवता येईल. गळलेल्या मात्रेवर एक मुंगी चुकते, बाकीच्या तिला ओलांडून जातात. त्यासाठी एकही नवा शब्द लिहावा लागणार नाही.

पडदाफाश

विंगेतून, ही सूचना मनापासून आवडली. परजीवीबद्दल माझे समाधान पूर्ण झालेले नाही, तरी फिरस्त्याची बाजू मी या प्रकाशात पुन्हा वाचेन.

गावठाण

हे नाटक मराठीत करायचे झाल्यास हक्कांची अडचण येईल का? आमच्या मंडळाला राज्य नाट्य स्पर्धेसाठी विचार करायचा आहे.

रंगवाचक

गावठाण, कारेल चापेक १९३८ साली आणि योसेफ चापेक १९४५ साली वारले. भारतीय कायद्यानुसार संयुक्त लेखकांपैकी शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, त्यामुळे मूळ चेक संहिता आपल्याकडे २००६ पासून मुक्त आहे. इंग्रजी अनुवादांची गोष्ट निराळी आहे. सर्वांत प्रचलित इंग्रजी अनुवाद पॉल सेल्व्हर यांचा आहे, ते १९७० साली वारले, म्हणून त्यावरून मराठी करायचे असेल तर परवानगी घ्यावी लागेल. त्या जुन्या इंग्रजी रूपात मूळ मजकुराची काटछाटही झालेली आहे. चेक जाणणाऱ्या कोणाची मदत घेऊन मुळावरून काम केले, तर दोन्ही प्रश्न सुटतील.

वारूळवाट

शेवटाबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही. दुसऱ्या अंकापासून एक कोष सतत ओरडत असतो की माझ्यातून काहीतरी महान जन्माला येणार आहे, जगाने सज्ज व्हावे. उपसंहारात तो उघडतो, त्यातून पंखांचा जीव बाहेर येतो, जगाला संदेश द्यायला सुरुवात करतो आणि वाक्य पूर्ण होण्याआधी मरतो. त्याच्याभोवती नाचणारी, काही तासांचे आयुष्य असणारी पाखरेही एकेक करून पडतात. खऱ्या निसर्गातही अशा पाखरांच्या प्रौढ अवस्थेत तोंड कामाचे नसते, ती काही खाऊच शकत नाहीत. मग फिरस्ताही मृत्यूशी झटापट करत मरतो आणि दोन गोगलगाई त्यावर निवांतपणे बोलत राहतात. हे सगळे निराशावादी आहे, असा आरोप त्या काळी झाला होता. आपल्याला काय वाटते?

रंगवाचक

तो आरोप इतका झाला की लेखकांनी दिग्दर्शकांसाठी एक पर्यायी शेवटही लिहून दिला. त्यात फिरस्त्याला जाग येते, पाहिलेले सारे स्वप्न ठरते आणि त्याला काम मिळते. सादरीकरणात मूळ शेवटच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. पर्यायी शेवटात मुंग्यांचे युद्ध स्वप्नात जमा होते, आणि ज्या लेखकांना इतिहासाने पुढे जे दाखवले ते पाहता ते स्वप्न ठरवणे मला पटत नाही. चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या १९३८ च्या म्युनिच करारानंतर तीन महिन्यांत कारेल चापेक वारले. योसेफ यांना १ सप्टेंबर १९३९ रोजी अटक झाली आणि साडेपाच वर्षांच्या नाझी छळछावण्यांनंतर बर्गेन-बेल्सन येथे त्यांचा अंत झाला. न्याय, इतिहास, राष्ट्राचा मान आणि व्यापारी हित ही पिवळ्या सेनापतीची यादी तोवर खऱ्या भाषणांतून बोलली गेली होती.

मूळ शेवटही पुरता काळोखा नाही. फिरस्ता मेल्यावर सकाळ होते, एक लाकूडतोड्या येतो, नामकरणासाठी नवजात बाळ घेऊन एक बाई येते, वाटेने शाळेत जाणारी मुले येतात. ही माणसे मृताविषयी दोन साधे शब्द बोलतात आणि आपापल्या कामाला लागतात. सबंध नाटकात स्वतःच्या वागण्याचे कोणतेही थोर कारण न सांगणारी एवढीच मंडळी आहेत. गावठाण, तुमच्या मंडळाने हा प्रसंग वेळेअभावी कापू नये. तेथे संगीत नको, प्रकाशाचे खेळ नकोत. नटांनी रोजच्या आवाजात, रोजच्या चालीने रंगमंच ओलांडावा.